चर्चा कोणी थांबवली? डोव्हर, २००४-०५

१८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, डोव्हर गावच्या हायस्कूलमध्ये, नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गांत एक निवेदन वाचलं गेलं. वाचणारे शिक्षक नव्हते. त्यांनी बारा दिवस आधीच लेखी नकार कळवला होता, म्हणून शाळांचा कारभार पाहणारे अधिकारी स्वतः वर्गात आले. शिक्षक बाहेर गेले. ज्यांच्या पालकांनी ‘आमच्या मुलाला यातून वगळा’ असं कळवलं होतं, ती मुलंही उठली. उरलेल्यांनी चार परिच्छेद ऐकले. राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे डार्विनचा सिद्धांत शिकावा लागतो आणि त्यावर परीक्षाही असते. पण तो सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नव्हे, आणि त्यात फटी आहेत. ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण असून त्यावरचं ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक ज्याला हवं त्याला शाळेत पाहता येईल. कुठल्याही सिद्धांताकडे मुलांनी खुल्या मनाने पाहावं. आणि याच्या जोडीला एक सूचना: या विषयावर वर्गात आणखी चर्चा होणार नाही, शिक्षक प्रश्नांची उत्तरं देणार नाहीत.

खुल्या मनाचा आग्रह आणि प्रश्नांना बंदी, दोन्ही एकाच बैठकीत. डोव्हरचा खटला बहुतेक वेळा धर्म विरुद्ध विज्ञान असा सांगितला जातो, आणि तसा तो होताही. पण खटल्याचे कागद वाचताना मला दुसराच प्रश्न अधिक मोलाचा वाटत गेला. वर्गात वादग्रस्त विषयाची मोकळी चर्चा व्हावी, असं म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात काय केलं? आणि अध्यापनाचं स्वातंत्र्य या सगळ्यात नेमकं कोणी वापरलं?

सुदैवाने कागद भरपूर आहेत. बैठकांची टिपणं, मुख्याध्यापिकेचा मेमो, वकिलाचा ईमेल, एक धनादेश, वर्तमानपत्रांच्या बातम्या, टीव्हीची चित्रफीत, एका पाठ्यपुस्तकाचे जुने मसुदे, आणि शपथेवरच्या साक्षी. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांना मान दिला त्याचं कारण साधं होतं. बखर नंतर आठवून लिहिली जाते, कागद त्या त्या दिवशीचा असतो. डोव्हरमध्येही पुढे प्रत्येकाने आपापली बखर सांगितली. म्हणून इथे शक्यतो कागदांच्या क्रमाने जातो.

सर्वांत जुना कागद जानेवारी २००२ चा. डोव्हरच्या शाळांवर नऊ निवडून आलेल्या सदस्यांचं मंडळ असतं. त्या मंडळाच्या विचारबैठकीत कोणी कोणते विषय मांडले, याची यादी शाळांच्या अधीक्षकांनी करून ठेवली. अ‍ॅलन बॉन्सेल या नव्या सदस्याच्या नावापुढे पहिला विषय आहे निर्मितीवाद, म्हणजे देवाने सृष्टी निर्माण केली ही शिकवण, आणि दुसरा आहे शाळेतली प्रार्थना. मार्च २००३ च्या बैठकीच्या टिपणात त्यांच्या नावापुढे पुन्हा निर्मितीवाद. लगेच १ एप्रिल २००३ ला मुख्याध्यापिकेने वरिष्ठांना मेमो पाठवला. उत्क्रांतीला जितका वेळ तितकाच निर्मितीवादाला, निम्मा-निम्मा, मिळावा अशी मंडळातल्या एका सदस्याची इच्छा असल्याचं विज्ञान विभागाच्या प्रमुखांकडून आपल्याला कळलं, असं त्यात आहे. इंटेलिजंट डिझाइन हा शब्द या तिन्ही कागदांत कुठेही नाही.

त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत बॉन्सेल विज्ञान शिक्षकांना भेटले. मंडळाच्या सदस्याने अभ्यासक्रमाबद्दल शिक्षकांना असं भेटायला येणं, हा शिक्षकांना नवाच अनुभव होता. माणूस पूर्वीच्या प्राण्यांतून उत्क्रांत झाला हे शिकवण्यावर त्यांचा आक्षेप होता. शिक्षकांनी सांगितलं की आम्ही जीवसृष्टीचा उगम शिकवत नाही, प्रजाती कशा बदलतात तेवढंच शिकवतो. भेट शांतपणे झाली. पण जीवशास्त्राच्या एका शिक्षिका दर वर्षी मुलांकडून शाळेच्या बोळात एक कालपट्टी करून घेत असत. लाखो वर्षांत कोणत्या प्रजाती कधी आल्या हे मुलं भिंतीवर क्रमाने मांडत. त्या भेटीनंतर शिक्षिकेने तो उपक्रम थांबवला. कोणी लेखी आदेश दिला नव्हता, ठराव झाला नव्हता. न्यायालयाने ही गोष्ट निकालात नोंदवली आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील हाच आहे. स्वातंत्र्य बहुतेक वेळा असंच जातं. हुकूम येत नाही. भिंतीवर पूर्वी काहीतरी असायचं, ते यंदा नसतं.

त्याआधी एक भित्तिचित्रही गेलं होतं. माणसाच्या उत्क्रांतीचं हे मोठं चित्र एका विद्यार्थ्याने काढलं होतं आणि ते विज्ञानाच्या वर्गात ठेवलेलं असे. २००२ मध्ये ते वर्गातून काढून जाळण्यात आलं. पुढे विज्ञान विभागाच्या प्रमुख बर्था स्पार यांनी मंडळाचे सदस्य बिल बकिंगहॅम यांना त्या चित्राबद्दल विचारलं, तेव्हा ते जळताना आपण आनंदाने पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. ही साक्ष शपथेवर झाली आहे.

बकिंगहॅम मंडळाच्या अभ्यासक्रम समितीचे प्रमुख होते. २००४ च्या उन्हाळ्यात नवीन जीवशास्त्राचं पुस्तक घ्यायचं होतं. शिक्षकांनी केनेथ मिलर आणि जोसेफ लेव्हिन यांचं, अमेरिकेत सर्रास वापरलं जाणारं पुस्तक सुचवलं. ७ जूनच्या सभेत बकिंगहॅम यांनी ते डार्विनवादाने भरलेलं आहे म्हणून हरकत घेतली, आणि त्यानंतरच्या सभेत ख्रिस्ताने दोन हजार वर्षांपूर्वी क्रुसावर प्राण दिले, आता कोणीतरी त्याच्यासाठी उभं राहायला नको का, असं विचारलं. दोन स्थानिक वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी हे छापलं. पुढे खटल्यात मंडळाच्या सदस्यांनी पवित्रा घेतला की निर्मितीवादाचं नाव कोणी काढलंच नव्हतं, बातमीदारांनी मनाने लिहिलं. तेव्हा न्यायालयात टीव्हीची चित्रफीत लावली गेली. तीत बकिंगहॅम स्वतः सांगताना दिसतात की डार्विन शिकवायला हरकत नाही, पण तोल राखायला त्याच्याबरोबर निर्मितीवादासारखं काहीतरी हवं.

ऑगस्टमध्ये मंडळाच्या स्वतःच्या वकिलाने अधीक्षकांना ईमेलने सावध केलं होतं. गेली काही वर्षं इथे शाळेत धर्म परत आणण्याबद्दल खूप बोललं आणि छापलं गेलं आहे, दावा झाला तर ते तुमच्या विरुद्ध जाईल, आणि हरलात तर समोरच्यांच्या वकिलांचा खर्चही द्यावा लागेल, असा त्याचा मथितार्थ. मंडळाने हा सल्ला बाजूला ठेवला.

मग ‘पांडाज’ पुस्तकाच्या ६० प्रती शाळेला भेट मिळाल्या. देणाऱ्याचं नाव जाहीर झालं नाही. जानेवारी २००५ मध्ये शपथेवरच्या जबानीत बकिंगहॅम आणि बॉन्सेल दोघांनाही पैसे कुठून आले ते विचारलं गेलं, आणि दोघांनीही खरं सांगितलं नाही. नंतर कागद निघाला. बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये वर्गणी गोळा केली होती आणि ८५० डॉलरचा धनादेश लिहिला होता. तो बॉन्सेल यांच्या हातून त्यांच्या वडिलांकडे गेला. धनादेशावर ४ ऑक्टोबर २००४ ही तारीख आहे, आणि टिपेच्या ओळीत ही रक्कम ‘पांडाज’च्या प्रतींसाठी असल्याचं लिहिलेलं आहे. बॉन्सेल साक्षीला उभे होते तेव्हा न्यायाधीशांनी याबद्दल त्यांना स्वतः प्रश्न विचारले.

१८ ऑक्टोबर २००४ च्या सभेत ठराव आला: डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवा आणि इंटेलिजंट डिझाइनसह इतर सिद्धांत यांची मुलांना जाणीव करून दिली जाईल. शिक्षकांनी आपला पर्यायी मसुदा दिला होता, त्यात इंटेलिजंट डिझाइनचा उल्लेख नव्हता. स्पार त्या सभेत उठून बोलल्याही. सहा विरुद्ध तीन मतांनी मंडळाचा मसुदा मंजूर झाला. विरोधात मत देणाऱ्या एका पती-पत्नीने तिथेच राजीनामे दिले. बाजूने मत देणाऱ्यांपैकी काहींना पुढे साक्षीत इंटेलिजंट डिझाइन म्हणजे काय ते सांगता आलं नाही. एकाही वैज्ञानिक संस्थेचा सल्ला घेतलेला नव्हता. वैज्ञानिक मतभेदावर चर्चा घडवायची असेल, तर तो मतभेद काय आहे हे आधी कोणीतरी विचारायला हवं होतं. त्या सभेपर्यंत ते कोणी विचारलं नाही.

१९ नोव्हेंबरला निवेदन वाचण्याचा निर्णय जाहीर झाला. १४ डिसेंबरला अकरा पालकांनी संघीय न्यायालयात दावा लावला. पहिलं नाव टॅमी किट्झमिलर यांचं, म्हणून ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर’.

आणि ६ जानेवारी २००५ ला शिक्षकांचं पत्र आलं. विज्ञान शिक्षकांनी अधीक्षकांना लिहिलं की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, जीवशास्त्र नाही, आणि मान्य वैज्ञानिक सिद्धांतही नाही. ही तीन वाक्यं त्यांनी सगळीच्या सगळी मोठ्या अक्षरांत टाइप केली. त्यांनी आधार घेतला तो राज्याच्या शिक्षक आचारसंहितेचा: शिक्षकाने जाणूनबुजून विषयाचं किंवा अभ्यासक्रमाचं चुकीचं चित्र उभं करू नये. आम्ही हे निवेदन वाचलं तर त्या नियमाचा भंग होईल, म्हणून वाचणार नाही, इतकंच.

या पत्राकडे नीट पाहावं असं मला वाटतं. ‘आमच्या मताला जागा द्या’ अशी मागणी त्यात नाही. शिक्षकांतली काही माणसं स्वतः श्रद्धाळू होती, त्याबद्दलही एक शब्द नाही. त्यांनी मागितलं ते एवढंच, की जे खरं नाही ते आमच्या तोंडून मुलांना सांगायला लावू नका. नोकरी त्याच मंडळाच्या हातात होती. अध्यापनाचं स्वातंत्र्य या शब्दाला डोव्हरमध्ये कुठे अर्थ मिळाला असेल, तर तो या पत्रात.

खटला हॅरिसबर्गला २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ चालला. न्यायाधीश जॉन जोन्स रिपब्लिकन पक्षाचे, जॉर्ज बुश यांनी २००२ मध्ये नेमलेले. पहिले साक्षीदार केनेथ मिलर, ब्राउन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ, त्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक आणि चर्चला जाणारे कॅथलिक.

वर्गात जी चर्चा होऊ दिली नाही, ती इथे झाली. लीहाय विद्यापीठाचे मायकेल बीही इंटेलिजंट डिझाइनच्या बाजूचे सर्वांत वजनदार साक्षीदार. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा इतकी गुंतागुंतीची आहे की तिचं उत्क्रांतीतून स्पष्टीकरण विज्ञानाला सापडणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा पालकांच्या वकिलाने त्यांच्यासमोर याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली काही प्रकरणं यांचा ढीग रचला. एवढा पुरावा पुरेसा नाही, असं बीहींनी उत्तर दिलं. विज्ञानातला सिद्धांत या शब्दाची आपण केलेली व्याख्या लावली तर फलज्योतिषही त्यात बसेल, हेही त्यांनी मान्य केलं. बीहींना आपली बाजू पूर्णपणे मांडता आली, त्यावर प्रश्न विचारले गेले, आणि उत्तरं नोंदली गेली. वादग्रस्त वैज्ञानिक दाव्याची चर्चा अशीच करायची असते. नववीच्या मुलांना यातला प्रश्नाचा भागच नाकारला होता.

खटल्याचा निकाल खऱ्या अर्थाने लावला तो मात्र जुन्या मसुद्यांनी. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ‘पांडाज’चे प्रकाशनापूर्वीचे मसुदे एकमेकांशेजारी ठेवून दाखवले. १९८३ च्या मसुद्याच्या शीर्षकातच निर्मिती हा शब्द होता. १९८७ पर्यंत मसुद्यांतून निर्मिती आणि निर्मितीवादी असे शब्द विपुल येतात, आणि मग त्याच वर्षी एका मसुद्यात सुमारे १५० ठिकाणी त्यांच्या जागी इंटेलिजंट डिझाइन आणि त्याचे भाऊबंद येतात. व्याख्याही तीच राहते: प्राणी आपापल्या वैशिष्ट्यांसह एकाएकी अवतरले. फक्त निर्मात्याचं नाव बदललं. एका ठिकाणी हा बदल अर्धवट राहिला. ‘क्रिएशनिस्ट्स’ या शब्दावर ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ टाकताना जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर पुढे आणि शेपूट मागे उरली, आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असा शब्द मसुद्यातला कायमचा पुरावा होऊन बसला.

१९८७ च का, याचं उत्तर दुसऱ्या एका निकालात आहे. लुइझियाना राज्याने १९८१ मध्ये कायदा केला होता, की उत्क्रांती शिकवायची तर ‘निर्मितीविज्ञान’ही शिकवलं पाहिजे. कायद्याने आपला हेतू सांगितला होता तो अध्यापन-स्वातंत्र्याचं रक्षण. १९ जून १९८७ ला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. न्या. ब्रेनन यांनी बहुमताच्या निकालात म्हटलं की शिक्षकांना पूर्वी जेवढं स्वातंत्र्य होतं, त्यात या कायद्याने भर पडत नाही. न्या. स्कॅलिया यांनी भिन्नमतात विरोधी बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा मांडला: स्वातंत्र्य म्हणजे इथे विद्यार्थ्यांचं, एकाच मताचा मारा होण्यापासून सुटका. मुद्दा हलका नाही. एखादा विषय प्रश्नाला जागा न ठेवता घोकून घेतला जातो तेव्हा तो विषय विज्ञानाचा राहत नाही, हे आपल्या शाळांत शिकलेल्या कोणालाही पटेल. पण डोव्हरमध्ये त्या मुद्द्याची कसोटी झाली. मुलांना एका मताच्या माऱ्यातून सोडवायचं होतं, तर निवेदनानंतर हात वर करणाऱ्या मुलाला बोलू द्यायला हवं होतं.

८ नोव्हेंबर २००५ ला मंडळाच्या निवडणुकीत धोरणाच्या बाजूने उभे राहिलेले आठही सदस्य पडले. २० डिसेंबरला १३९ पानांचा निकाल आला. जोन्स यांनी धोरण घटनाबाह्य ठरवलं, आणि आपल्या श्रद्धेचा जाहीर अभिमान सांगणाऱ्यांनी तिच्यावर पांघरूण घालण्यासाठी वारंवार खोटं बोलावं, यावर कठोर शब्दांत लिहिलं. मात्र इंटेलिजंट डिझाइनचा अभ्यास आणि चर्चा चालू राहायला आपली हरकत नाही, सरकारी शाळेच्या विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीचा पर्याय म्हणून ते शिकवता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. नव्या मंडळाने जानेवारी २००६ मध्ये ठराव मागे घेतला आणि अपील झालं नाही. वकिलांच्या खर्चापोटी तडजोडीने १०,००,०११ डॉलर द्यावे लागले. ते गावच्या करातून गेले.

पण लुइझियानाच्या १९८१ च्या कायद्यातला ‘अध्यापन-स्वातंत्र्य’ हा शब्द परत आला. सक्ती टिकत नाही हे कळल्यावर सवलत मागण्याची वाट निघाली. लुइझियानाने २००८ मध्ये आणि टेनेसीने २०१२ मध्ये कायदे केले, ज्यांत वादग्रस्त वैज्ञानिक विषयांची ‘चिकित्सक’ चर्चा करणाऱ्या शिक्षकांना संरक्षण आहे. उदाहरणादाखल विषय दिले आहेत ते उत्क्रांती, जीवाचा उगम, जागतिक तापमानवाढ आणि मानवी क्लोनिंग. डोव्हरच्या खटल्यात पालकांच्या बाजूला संशोधनाची मदत करणाऱ्या निक मॅट्झके यांनी अशी साठाहून अधिक विधेयकं जमवली, त्यांचा मजकूर ओळीगणिक ताडला, आणि कोणतं कोणापासून निघालं याची वंशावळ ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवली. प्रजातींची वंशावळ लावण्याची पद्धतच त्यांनी वापरली.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत सांगितलं की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून ते खोडून काढलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आणि अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. महाराष्ट्रात मात्र बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा होता. इथली परिस्थिती डोव्हरसारखी नाही, इथे शिक्षकाला निवेदन वाचायला कोणी दिलेलं नाही. एनसीईआरटीच्या पुस्तकातून धडा कमी झाला, आणि तो शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांना आधी विचारलं गेलं, हाच प्रश्न उरतो.

डोव्हरचं निकालपत्र आणि साक्षींची पूर्ण टिपणं सर्वांसाठी खुली आहेत. विज्ञान शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी ती वाचावीत. सगळं वाचायला वेळ नसेल, तर ६ जानेवारी २००५ चं ते पत्र तरी वाचावं, आणि कोणीतरी त्याचा मराठी अनुवाद करून शिक्षकांच्या संघटनांकडे पाठवावा.